मर्यादेतून जन्मलेले खेळ

आज मोबाईलने काढलेले एक साधे छायाचित्र साठवायला सुमारे चार मेगाबाइट जागा लागते. १९८५ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने काढलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ, म्हणजे त्यातले ३२ टप्पे, चित्रे, संगीत, शत्रू असे सगळे मिळून, ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. एका छायाचित्राच्या जागेत असे शंभर खेळ मावतील! हे कसे साधले? एक उदाहरण पाहा. त्या खेळात आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांची आकृती एकच आहे. ढगाला पांढरा रंग दिला आहे आणि झुडपाला हिरवा, इतकाच फरक. लाखो मुलांनी हा खेळ खेळला, पण ही गोष्ट त्यांतल्या फार थोड्यांच्या लक्षात आली असेल.

शिक्षकांच्या खोलीत व्हिडिओ खेळांचा विषय निघतो तो बहुधा तक्रारीच्या सुरात. अभ्यास बुडतो, डोळे बिघडतात, पैसे जातात. या तक्रारी खोट्या नाहीत. परंतु जुन्या व्हिडिओ खेळांना आणखी एक बाजू आहे आणि विज्ञान-गणित शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने ती मोलाची आहे. हे खेळ करणाऱ्यांच्या हाती अतिशय तोकडी यंत्रे होती. स्मृती कमी, वेग कमी, पडद्यावर मोजके ठिपके. त्या मर्यादेत काय बसेल याचा विचार करता करता त्यांनी नियम रचले, आणि त्या नियमांत भौतिकशास्त्र, भूमिती, संख्याशास्त्र असे बरेच काही येऊन बसले. या लेखात आपण निरनिराळ्या प्रकारचे काही गाजलेले खेळ पाहू आणि प्रत्येकाबाबत एकच प्रश्न विचारू: यंत्राजवळ काय नव्हते, आणि ते नसल्यामुळे खेळाला कोणते रूप आले?

प्रयोगशाळेतले टेनिस

१९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम हे उपकरण विभागाचे प्रमुख होते. दरवर्षी प्रयोगशाळा लोकांना पाहण्यासाठी खुली होई. नुसती मांडून ठेवलेली उपकरणे पाहून लोक कंटाळतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. (आपल्या विज्ञान प्रदर्शनांतही हा अनुभव येतोच!) प्रयोगशाळेत एक छोटा अ‍ॅनालॉग संगणक होता. फेकलेल्या वस्तूचा मार्ग त्यावर काढता येत असे. हिगिनबॉथम यांनी त्याला ऑसिलोस्कोप जोडला आणि पाच इंची पडद्यावर टेनिसचा सामना उभा केला.

पडद्यावर बाजूने पाहिल्यासारखी जमिनीची एक आडवी रेघ, मध्ये जाळीची छोटी उभी रेघ आणि चेंडूचा ठिपका, एवढेच दिसे. खेळाडूच्या हातात फटक्याचा कोन बदलणारी एक फिरकी आणि फटका मारणारे एक बटण असे. चेंडू मात्र खऱ्यासारखा वक्र मार्गाने जाई, उसळे आणि जाळीला अडे. अ‍ॅनालॉग संगणक आकडे मोजत नाही. त्यात विजेचा दाब हीच राशी असते आणि मंडलातून त्या दाबाचे संकलन होत राहते. त्वरणापासून वेग आणि वेगापासून स्थान मिळवण्याचे काम ते मंडलच सतत करत असते. अकरावीत आपण प्रक्षेप्याची जी समीकरणे शिकवतो, ती येथे तारांमध्ये जोडलेली होती. पुढच्या वर्षी त्यांनी मोठा पडदा लावला आणि चंद्रावर किंवा गुरू ग्रहावर टेनिस खेळले तर चेंडू कसा जाईल, हेही दाखवले. मग तो जोड सोडवून त्याचे भाग इतर कामांसाठी वापरले गेले. या खेळाचे एकस्व घ्यावे असे कोणाच्या मनातही आले नाही.

गुरुत्वाकर्षणाला वेळ पुरेना

दुसरा खेळ १९६२ सालचा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ‘पीडीपी-१’ नावाचा संगणक आला होता. किंमत सुमारे १,२०,००० डॉलर आणि मूळ स्मृती आजच्या हिशेबाने जेमतेम नऊ किलोबाइट. स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या तरुण मित्रांनी त्यावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. पडद्याच्या मध्यभागी एक तारा, त्याच्याभोवती दोन अवकाशयाने, आणि दोघे खेळाडू एकमेकांवर क्षेपणास्त्रे सोडणार.

ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचा हिशेब डॅन एडवर्ड्स यांनी घातला. यान ताऱ्याकडे ओढले जाते, त्यामुळे वेग बेताचा ठेवून कक्षेत फिरत राहावे लागते. यान वळवले म्हणून लगेच दिशा बदलत नाही, कारण जडत्व आहे. पण हा हिशेब दर क्षणी करायला यंत्राचा इतका वेळ लागे, की क्षेपणास्त्रांसाठी तो पुरत नसे. मग उपाय काय? यानांवर गुरुत्वाकर्षण चालते, क्षेपणास्त्रांवर चालत नाही, असे ठरवून टाकले. ती ‘प्रकाशाची’ क्षेपणास्त्रे आहेत असे समर्थनही शोधले. प्रतिकृती करताना सगळे निसर्गनियम घेता येत नाहीत, कोणते घ्यायचे आणि कोणते सोडायचे हे ठरवावे लागते. हवामानाचा अंदाज वर्तवणाऱ्या शास्त्रज्ञांनाही हेच करावे लागते.

आज्ञावलीशिवायचा खेळ

या दोन्ही खेळांसाठी लागणारी यंत्रे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. १९७२ साली हे चित्र बदलले. राल्फ बेअर यांनी तयार केलेले, घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडायचे ‘ओडिसी’ हे यंत्र मॅग्नाव्हॉक्स कंपनीने त्या वर्षी बाजारात आणले. त्याच वर्षी अटारी कंपनीच्या अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी ‘पाँग’ हा नाणे टाकून खेळायचा खेळ बनवला. दोन फळ्या, एक चेंडू, मध्ये तुटक रेघ. ओडिसीतील टेनिसची ही उचल आहे असा दावा पुढे न्यायालयात गेला आणि १९७६ साली अटारीने परवान्याची रक्कम भरून तो मिटवला.

पाँगमध्ये संगणक नव्हताच. सूक्ष्मप्रक्रियक नाही, स्मृती नाही, आज्ञावली नाही. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ ही तर्कद्वारे असलेल्या साध्या चकत्या एकमेकींना जोडून खेळाचे नियम तारांतच घातले होते. फळीचे आठ भाग कल्पिले होते. चेंडू ज्या भागावर आदळेल त्यानुसार त्याचा परतीचा कोन ठरे. मंडलातील एका दोषामुळे फळ्या पडद्याच्या वरच्या टोकापर्यंत पोहोचत नसत. अल्कॉर्न यांनी तो दोष मुद्दाम तसाच ठेवला. नाहीतर दोन चांगले खेळाडू अनंत काळ खेळत बसले असते!

आक्रमणाचा वेग कोणी वाढवला?

असाच प्रकार १९७८ साली जपानमध्ये घडला. तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा नेमबाजीचा खेळ रचला. परग्रहावरील प्राण्यांच्या पाच रांगा, प्रत्येक रांगेत ११, म्हणजे एकूण ५५ प्राणी हळूहळू खाली येतात आणि खेळाडू त्यांना टिपतो. जसजसे प्राणी कमी होतात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो, आणि शेवटचा एकटा तर विलक्षण चपळाईने पळतो. खेळाडूची छाती धडधडू लागते ती त्यामुळेच.

हा वेग कोणी वाढवला? यंत्राच्या मंदपणाने! यातील इंटेल ८०८० या सूक्ष्मप्रक्रियकाला ५५ प्राणी एकदम हलवणे जमत नसे. म्हणून पडद्यावरचे चित्र दर सेकंदाला ६० वेळा बदलत असताना प्रत्येक वेळी एकच प्राणी हलवला जाई. म्हणजे ५५ प्राणी असताना सगळ्यांची एक पाळी पूर्ण व्हायला ५५/६० सेकंद, म्हणजे जवळजवळ एक सेकंद लागे. ३० उरले की अर्धा सेकंद, आणि एकच उरला की त्याची पाळी सेकंदात ६० वेळा. निशिकादो यांनी हा परिणाम पाहिला आणि तो काढून न टाकता खेळाचा भाग म्हणून ठेवला. व्यस्त प्रमाणाचे इतके रंगतदार उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण.

चार भुते, चार स्वभाव

१९८० साली नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी ‘पॅक-मॅन’ आणला. मारामारीच्या खेळांकडे मुली आणि स्त्रिया फिरकत नाहीत हे पाहून त्यांनी ‘खाणे’ हा विषय घेतला. चक्रव्यूहातील २४४ ठिपके खात जायचे आणि मागे लागलेल्या चार भुतांना चुकवायचे. खेळणाऱ्याला वाटते की भुतांना अक्कल आहे, ती संगनमत करून आपल्याला घेरतात. प्रत्यक्षात प्रत्येक भुताला एकेकच साधा नियम दिलेला आहे.

लाल भूत पॅक-मॅन ज्या घरात आहे त्याच घराकडे निघते. गुलाबी भूत पॅक-मॅनच्या तोंडासमोरच्या चौथ्या घराकडे निघते, म्हणजे पाठलाग न करता वाट अडवते. निळे भूत पॅक-मॅनसमोरचे दुसरे घर आणि लाल भूत यांना जोडणारी रेघ घेते, ती त्या घराच्या पलीकडे तेवढीच वाढवते आणि रेघेच्या टोकाकडे निघते. केशरी भूत पॅक-मॅनपासून आठ घरांहून दूर असेल तर पाठलाग करते आणि जवळ आले की आपल्या कोपऱ्याकडे पळते. मधूनमधून काही सेकंद चौघेही पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यांकडे जातात, तेवढाच खेळाडूला श्वास घ्यायला वेळ. एका भुताला दुसऱ्याशी बोलण्याची सोय नाही. निळे भूत लाल भुताची जागा पाहते, एवढाच काय तो संबंध. तरीही चार नियम एकत्र चालले की घेराव तयार होतो. मुंग्यांच्या रांगा आणि पक्ष्यांचे थवे यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ नेमके याच गोष्टीचा शोध घेत असतात: व्यक्तीचा नियम साधा, समूहाचे वागणे गुंतागुंतीचे.

या खेळाला शेवट नाही असे सगळ्यांना वाटे, पण यंत्राने तो दिला. पातळीचा क्रमांक एका बाइटमध्ये ठेवलेला होता आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. २५६व्या पातळीला हिशेब उलटून शून्यावर येतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या व आकृत्यांच्या कचऱ्याने भरून जातो. त्या पातळीत खायला पुरेसे ठिपकेच उरत नाहीत. गाडीचा किलोमीटर दाखवणारा काटा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तसाच हा प्रकार.

पुढच्याच वर्षी, १९८१ साली, शिगेरू मियामोतो यांच्या ‘डाँकी काँग’ने शिड्या आणि उड्यांचा नवा प्रकार रूढ केला. त्यातील नायकाला मोजक्याच ठिपक्यांत रंगवायचे होते. तोंड काढायला जागा नाही म्हणून मिशा आल्या, केस हलताना दाखवणे अवघड म्हणून डोक्यावर टोपी आली. हाच नायक पुढे मारिओ या नावाने जगभर ओळखला गेला.

शब्दांची गुहा आणि लपवलेले नाव

आतापर्यंतचे खेळ बोटांच्या चपळाईचे होते. शांतपणे विचार करण्याच्या खेळांचे मूळ एका खऱ्या गुहेत आहे. विल क्राउदर हे संगणकांचे जाळे उभारणाऱ्या गटातील अभियंते आणि हौशी गुहासंशोधक. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेचे नकाशे त्यांनी काढले होते. १९७५-७६ च्या सुमारास आपल्या मुलींसाठी त्यांनी त्या गुहेवर आधारलेला ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ लिहिला आणि १९७७ साली डॉन वुड्स यांनी तो वाढवला. यात चित्र नव्हतेच. यंत्र जागेचे वर्णन लिहून दाखवी आणि खेळाडू एक-दोन शब्दांत हुकूम देई. यंत्र प्रत्येक शब्दाची पहिली पाचच अक्षरे पाही, कारण त्या संगणकाच्या स्मृतीच्या एका कप्प्यात इंग्रजीची पाचच अक्षरे मावत. नकाशा खेळाडूने स्वतः कागदावर काढायचा.

अटारी कंपनीच्या वॉरन रॉबिनेट यांनी हाच अनुभव घरगुती यंत्रावर चित्ररूपात आणला. हा खेळ १९८० साली आला. खेळाच्या कार्ट्रिजमध्ये, ज्याला आपल्याकडे मुले ‘कॅसेट’ म्हणत, चार किलोबाइट जागा होती, आणि बदलत्या गोष्टी लक्षात ठेवायला यंत्रात फक्त १२८ बाइट. एवढ्यात त्यांनी ३० खोल्या, वाडे आणि अजस्र सर्प बसवले. कंपनी त्या काळी खेळ रचणाऱ्याचे नाव कोठेही छापत नसे. म्हणून रॉबिनेट यांनी कोणाला न सांगता एक गुप्त खोली केली आणि तिच्यात आपले नाव लिहून ठेवले. खेळ बाजारात गेल्यावर एका मुलाला ती सापडली. त्यापूर्वीच, १९७९ साली, श्रेय मिळत नाही म्हणून अटारीतील काही रचनाकारांनी बाहेर पडून ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ ही कंपनी काढली होती. खेळ ही कोणा माणसाची निर्मिती आहे, एवढे मान्य करून घेण्यासाठीही झगडावे लागले.

बत्तीस किलोबाइटमधले विश्व

१९८४ साली केंब्रिज विद्यापीठातील डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलीट’ हा अवकाशातील व्यापाराचा खेळ केला. आठ दीर्घिका, प्रत्येकीत २५६ ग्रह, प्रत्येक ग्रहाचे नाव, राज्यपद्धती आणि मालाचे भाव. आणि यंत्र कोणते? ३२ किलोबाइट स्मृतीचा ‘बीबीसी मायक्रो’. २,०४८ ग्रहांची माहिती त्यात साठवणे अशक्यच होते. त्यांनी ती साठवली नाही, ती दर वेळी नव्याने काढली. सुरुवातीला तीन संख्या घ्यायच्या, त्यांची बेरीज करून पुढची संख्या काढायची, मग शेवटच्या तिन्हींची बेरीज, असे पुढे चालू ठेवायचे. संख्या ठरलेल्या मापापेक्षा मोठी झाली की वरचे अंक सोडून द्यायचे.

हे फळ्यावर करून पाहता येईल. ३, ७, २ घ्या. बेरीज १२, त्यातला एकक २. मग ७, २, २ यांची बेरीज ११, एकक १. पुढे अनुक्रमे ५, ८, ४, ७... पाहणाऱ्याला हे अंक स्वैर वाटतील. पण सुरुवात तीच ठेवली तर मालिका दर वेळी तीच येते. या अंकांवरूनच ग्रहाचे नाव आणि गुण ठरवायचे. तीन संख्यांच्या बीजातून अख्खी दीर्घिका उगवते.

बीबीसी मायक्रो हे नाव आपल्या काही ज्येष्ठ शिक्षकांना ओळखीचे वाटेल. १९८४ साली भारत सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा शाळांना दिलेली यंत्रे हीच होती.

सात तुकड्यांचे गणित

त्याच १९८४ साली मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजितनोव यांनी ‘टेट्रिस’ रचला. पाच चौरसांच्या तुकड्यांचे कोडे त्यांना आवडे. पाच चौरस कडेला कड लावून जोडण्याचे १२ प्रकार होतात. ते खेळासाठी फार झाले, म्हणून त्यांनी चारच चौरस घेतले. त्याचे प्रकार पाच, आणि पडद्यावर तुकडा उलटा करता येत नसल्याने आरशातली रूपे वेगळी धरून सात. त्यांच्या ‘इलेक्त्रोनिका-६०’ या यंत्राला चित्रे काढता येत नसत, म्हणून चौरसाच्या जागी कंसाची दोन चिन्हे छापली. पडद्यावर जागा पुरेना, म्हणून भरलेली ओळ नाहीशी करायची असे ठरले. हाच खेळाचा प्राण ठरला.

खेळ जगभर पसरला, १९८९ साली निन्टेंडोच्या हातात मावणाऱ्या ‘गेम बॉय’बरोबर घरोघरी गेला. त्याच्या विटांच्या नकला आपल्याकडेही नव्वदच्या दशकात जत्रांतून आणि रस्त्यावरच्या दुकानांतून मिळत. परंतु हक्क सोव्हिएत सरकारकडे असल्याने पाजितनोव यांना १९९६ पर्यंत त्यातून मानधन मिळाले नाही.

गणितज्ञांनी मात्र टेट्रिसला सोडले नाही. ‘एस’ आणि ‘झेड’ आकाराचे तुकडे आलटून पालटून येत राहिले तर कितीही कुशल खेळाडू शेवटी हरतोच, तेही ७०,००० तुकड्यांच्या आत, असे १९९७ साली सिद्ध झाले. पुढचे सगळे तुकडे आधी माहीत असले तरी सर्वांत चांगली मांडणी शोधणे हा संगणकशास्त्रातील अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गातला प्रश्न आहे, हे २००२ साली एमआयटीतील संशोधकांनी दाखवले.

वर्गात आणि कपाटात

यांतले बरेचसे विजेशिवाय, पडद्याशिवाय वर्गात आणता येते. पुठ्ठ्याचे टेट्रिसचे सात तुकडे, प्रत्येकी एक, कापायला सांगा. चौरस एकूण २८. आता ४ × ७ चा आयत भरायला द्या. मुले खूप वेळ खटपट करतील आणि आयत भरणार नाही. मग आयत बुद्धिबळाच्या पटासारखा रंगवा: १४ काळे, १४ पांढरे. ‘टी’ आकाराचा तुकडा सोडला तर प्रत्येक तुकडा दोन काळे आणि दोन पांढरे झाकतो, ‘टी’ मात्र एका रंगाचे तीन आणि दुसऱ्याचा एक. मग १४-१४ जमणार कसे? अशक्यता सिद्ध करता येते, हा गणितातला मोठा धडा मुलांना दहा मिनिटांत मिळतो. मैदानावर चुन्याने घरे आखून चार मुलांना चार भुतांचे नियम दिले, तर सदिश आणि अंतर यांचा तास कोणाला कंटाळवाणा होणार नाही.

दुसरे काम जपणुकीचे आहे. हिगिनबॉथम यांचा जोड १९९७ साली प्रयोगशाळेने पुन्हा उभा केला. पॅक-मॅन आणि टेट्रिस यांना न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली आपल्या संग्रहात घेतले. पण हे भाग्य मोजक्याच खेळांचे. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता विकत मिळत नाहीत, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले. चुंबकीय फिती खराब होतात, चकत्या निकामी होतात, कंपन्या बंद पडतात. आपल्याकडे तर अशी नोंद ठेवण्याची सवयच नाही. ‘क्लास’ प्रकल्पातले एखादे यंत्र, त्याच्या फिती, एखाद्या शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने त्यावर लिहिलेली आज्ञावली शाळेच्या कपाटात अजून पडून असू शकेल. पुढच्या वेळी भंगार काढताना ते कपाट आधी उघडून पाहावे, यंत्रावर कागद चिकटवून ते कोणत्या वर्षी आले आणि त्यावर काय शिकवले जाई ते लिहून ठेवावे. थोडक्या साधनांत कसा विचार केला जात होता, याचा तो आपल्याच शाळेतला पुरावा असेल.